वाहनापासून दूर राहा

४ जानेवारी, सकाळ

अपडेट आलं. मोबाइलमधल्या अ‍ॅपने कळवलं, शोरूमच्या विक्रेत्याने फोनवर दुजोरा दिला. फाइल मोठी आहे, घरच्या वायफायवरून गाडीत उतरवून घ्यायची. नव्या आवृत्तीत लांबच्या प्रवासाचं नियोजन आहे. कुठे थांबायचं, कुठे चार्ज करायचं, पोहोचेपर्यंत बॅटरी किती उरेल, सगळं गाडीच सांगणार. माणसाने फक्त बसायचं.

म्हणजे अक्काला आणायचा प्रश्न सुटला.

अक्का माझी थोरली बहीण. दुसऱ्या गावी भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी राहते. घरमालकाला त्या खोल्या महिनाअखेर रिकाम्या हव्यात. एक तारखेला धाकटा भाऊ आमच्याकडे जेवायला होता. फोन स्पीकरवर ठेवून, त्याच्यादेखत मी अक्काला सांगितलं, की यापुढे तू आमच्याकडे राहायचं आणि तुला न्यायला मी येणार, माझ्या इलेक्ट्रिक गाडीतून. पुढच्या सीटवर बसायचं. आवाज नाही, धूर नाही, धक्का नाही. धाकटा म्हणाला, दादा, मी उद्याच जातो की, माझी गाडी नुसती उभीच आहे. त्याची गाडी म्हणजे पेट्रोलवर चालणारा पत्र्याचा डबा. मी हसून विषय बदलला. अक्का म्हणाली, तुमच्यापैकी कोणीही या, पण लवकर या. बांधलेल्या सामानावर बसून दाराकडे बघत राहायचं माझं वय नाही.

आज अपडेट. येत्या शनिवारी अक्का.

४ जानेवारी, संध्याकाळ

गाडीच्या स्क्रीनवर अटी आल्या. बॅटरी निम्म्याच्या वर हवी. गाडी पार्क केलेली, लॉक केलेली हवी. आत कोणी नको. चावी गाडीच्या आसपास नको. कृपया वाहनापासून दूर राहा.

शेवटची ओळ वाचून बायकोने माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं ते कळलं नाही. असल्या अटी सर्वसाधारण ग्राहकांसाठी असतात. मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये आयुष्य काढलंय. माल उतरत असताना स्टोअरकीपर समोर उभा पाहिजे. डोळा हटला की एक खोकं कमी आलंच.

तूर्त प्रश्न वेगळा आहे. राउटर दुसऱ्या मजल्यावर हॉलमध्ये, गाडी खाली पार्किंगमध्ये. गाडी म्हणते, नेटवर्क सापडलं नाही.

५ जानेवारी

राउटर खिडकीत ठेवला. नाही.

राउटर खिडकीबाहेरच्या जाळीवर ठेवला. नाही. शिवाय कबुतर.

तळमजल्यावरच्या कॅप्टनने हे सगळं खुर्ची टाकून पाहिलं. हा गृहस्थ सैन्यात वगैरे कधी नव्हता. ऑफिसच्या कॅरम टीमचा कप्तान होता, तेवढ्यावर अजून हुकूम सोडतो. म्हणाला, माझी भिंत तुमच्या गाडीला लागून आहे, माझ्या वायफायचे सगळे दांडे फुल येतील, पासवर्ड घ्या आणि मोकळे व्हा. मी नम्रपणे नको म्हटलं. कंपनीने घरचं वायफाय म्हटलंय. घरचं म्हणजे घरचं. त्यात कॅप्टनकडे पेट्रोलची स्कूटर आहे आणि माझी गाडी आली त्या दिवशी त्याने तिला मिक्सर म्हटलं होतं. तो म्हणाला, अहो, वायफायला काय पेट्रोलचा वास येतो का. 

६ जानेवारी

वायफायचा सिग्नल पुढे ढकलणारं एक यंत्र आणलं. जिन्यात लावलं. ते स्वतःच सिग्नल शोधत बसलंय, हिरवा दिवा लागायचं नाव नाही.

शोरूमला फोन. विक्रेता म्हणाला, काका, गाडी इकडेच घेऊन या, तासाभरात टाकून देतो, तुम्ही कॉफी घ्या. आता हा तत्त्वाचा प्रश्न आहे. घरबसल्या होतं असं सांगून गाडी विकायची आणि मग माणसाला शोरूमपर्यंत पळवायचं. मी स्पष्ट नकार दिला. त्यात शोरूम मोठ्या उड्डाणपुलाच्या पलीकडे आहे. डिलिव्हरीच्या दिवशी त्यांचाच ड्रायव्हर गाडी घरी सोडून गेला होता, तो सुद्धा उतरल्यावर कपाळ पुसत होता. त्या पुलाबद्दल यातून काय ते समजावं.

बायको म्हणाली, अहो, पूल टाळून खालून पण रस्ता आहे. तिला वाहतुकीतलं फारसं कळत नाही.

८ जानेवारी

यश. केबलवाला येऊन गेला. लांब वायर टाकून राउटर जिन्याच्या खालच्या वळणावर आणला. प्लास्टिकच्या टबात ठेवलाय, वर झाकण. गाडीने नेटवर्क ओळखलं, पासवर्ड स्वीकारला. स्क्रीनवर दोन दांडे. 

किरकोळ अडचण. वायर दारातून जाते म्हणून दार बंद होत नाही. आणि बायको दुपारी शिवणकामाचा ऑनलाइन क्लास घेते. आज ऐन बाही जोडायच्या वेळी तिचं चित्र थिजलं. एका बाईने वाट न बघता बाही गळ्याला जोडली. दुसरीने फोन करून विचारलं, मॅडम, तुम्ही कात्री वर धरून इतका वेळ गप्प का होतात, आमचं काही चुकलं का. बायकोने मला हे फार शांतपणे सांगितलं. तडजोड झाली. राउटर सकाळी जिन्यात, दुपारनंतर आणि रात्री घरात. प्रगतीसाठी थोडा त्याग सगळ्यांनीच करायचा असतो. मी माझी सकाळ देतोय.

९ जानेवारी

फाइल उतरायला लागली. स्क्रीनवर निळी पट्टी, तांदळाएवढी. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून आहे. पेपर, चष्मा, पाण्याची बाटली घेऊन आलो. सीट फार उत्तम. घरातल्या कुठल्याही खुर्चीपेक्षा. ही गाडी घेऊन मी चूक केली असं जे म्हणतात त्यांनी एकदा यात बसून कोडं सोडवावं.

उद्याचा शनिवार जमणार नाही. पुढचा नक्की.

११ जानेवारी

अक्काचा फोन. काल तू येणार होतास ना रे गुंड्या, म्हणाली. मी एकसष्ट वर्षांचा आहे, पण तिच्या लेखी अजून गुंड्याच. अपडेट म्हणजे काय ते तिला नीट समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे गाडीला कितवा महिना आहे. मागे बायको हसली. दोघींचं आधीपासून असंच आहे.

अक्का म्हणाली, भांडी बांधून झाली, एक पातेलं बाहेर ठेवलंय, त्यातच सगळं करते. मी म्हटलं, आता फार दिवस नाहीत. ती म्हणाली, ते मलाही माहीत आहे, घरमालक रोज सांगतो.

१३ जानेवारी

फाइल पूर्ण उतरली. आता फक्त बसवणं बाकी, त्यालाही वायफाय लागतंच. बटण दाबलं. स्क्रीन म्हणाली, वाहनात व्यक्ती आहे.

ठीक. उतरलो, लॉक केली, दोन पावलांवर उभा राहिलो. आरसे मिटले, दिवे मालवले. मी हात मागे बांधून पाहत होतो, पूर्वी ट्रकमधून माल उतरताना पाहायचो तसा. काही हालचाल दिसेना म्हणून काचेतून आत डोकावलो. लगेच आरसे उघडले, हँडल बाहेर आलं, आतला दिवा लागला. खिशात चावी असली की मालक जवळ आल्याचं तिला कळतं. इतक्या वर्षांत कोणी माझं असं स्वागत केलेलं नाही. मन भरून आलं.

स्क्रीनवर आलं, अपडेट रद्द झालं, नंतर प्रयत्न करा.

कारण शोधायला हवं.

१५ जानेवारी

कारण सापडलं. कॅप्टन. बरोबर त्याच वेळी तो स्कूटर चालू करतो. दोन दिवस लक्ष ठेवलं. स्कूटरची किक, इकडे अपडेट रद्द. गाडीशेजारी मी उभा असल्यामुळे माझं निरीक्षण अगदी जवळून आहे, त्यात चुकीला वाव नाही.

त्याला विनंती केली, की सकाळी स्कूटर काढू नये. तो म्हणाला, साहेब, मी औषधं आणायला जातो, आणि एक सांगू का, तुम्ही त्या गाडीला जरा एकटं सोडा, तुम्ही असताना तिला लाजल्यासारखं होत असेल. जिन्यात बायको उभी होती. तीही हसली. आपल्या माणसांनी परक्यासमोर हसावं याचं वाईट वाटतं.

१७ जानेवारी

शनिवार. अपडेटविना निघायचं ठरवलं. मी कोणावर अवलंबून राहणारा माणूस नाही. बायको शेजारी बसली, मांडीवर डबा, अक्काच्या पाठीसाठी उशी. अक्काला फोन करून निघाल्याचं कळवलं.

बाजारापर्यंत गाडी उत्तम. हायवेला लागायच्या आधी जो चढ आहे, तिथे मागून एका ट्रकने हॉर्न दिला. लांब हॉर्न. मग दुसऱ्याने. पुढे सगळे भरधाव. मी बाजूला घेतली आणि परिस्थितीचा आढावा घेतला. बायकोने स्क्रीन वाचून दाखवली. म्हणाली, अहो, बॅटरी पुरून उरतेय, वन्संच्या घरी जाऊन परत येऊ एवढी आहे. मी सांगितलं, हा जुन्या आवृत्तीचा आकडा, त्यावर विसंबून थोरल्या बहिणीचा जीव धोक्यात घालणार नाही. पेट्रोल पंपावरून गाडी वळवली. स्टिअरिंगवर हात घसरत होते. त्या सीटला हवा लागत नाही, हे शोरूमला कळवायला हवं.

 घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरात उभ्याने डबा उघडला आणि एकटीनेच खाल्ला.

अक्काला तांत्रिक कारण सांगितलं. ती म्हणाली, मी चप्पल घालून दाराशी बसले होते. एवढंच.

१९ जानेवारी

बायकोने नवीनच काढलंय. म्हणते, बसने जाऊ. तासातासाला बस आहे, दोघं जाऊ, सामान टपावर टाकू, वन्संना खिडकीशी बसवू, संध्याकाळी घरी. मी विचारलं, आणि खाली पार्किंगमध्ये गाडी उभी असताना मी बसने गेलो तर लोक काय म्हणतील. ती म्हणाली, कुठले लोक. मी म्हटलं, धाकटा. ती म्हणाली, भावजींना आनंदच होईल. तेच तर म्हणतोय.

शिवाय अक्काची वेताची खुर्ची. ती बसमध्ये कशी न्यायची. माझ्या डिकीत ती राहते का ते मोजलं. पाय काढले तर राहते.

२१ जानेवारी

सकाळी नेहमीच्या जागी बसलो होतो. दुपारी राउटर वर न्यायला गेलो तर बायको म्हणाली, राहू द्या तिथेच. तिने शिवणाचा क्लास कॅप्टनच्या घरी हलवलाय. कॅप्टनच्या बायकोने टेबल दिलंय, भिंतीवर चांगला उजेड येतो, वायफाय फुल. मला न विचारता. माझ्या घरातलं मशीन उचलून खाली नेलं आणि मशीनचं दुसरं टोक कॅप्टनने धरलं.

विश्वासघात हा शब्द मी सहसा वापरत नाही.

खालून हसण्याचे आवाज येतात. बाह्या नीट जोडल्या जात असाव्यात.

२२ जानेवारी

शोरूमला कडक शब्दांत फोन. विक्रेत्याने मला त्यांच्या इंजिनिअरबाईंकडे दिलं. त्यांनी सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, काका, एकच करा, बटण दाबा, गाडी लॉक करा, चावी घेऊन घरात जा आणि जेवून या. त्यांना सांगितलं, की मी माणसं ओळखतो आणि माल ओळखतो, नजरेआड काही करून घेणार नाही. त्या म्हणाल्या, काका, नजरेआडच होतं ते. मग म्हणाल्या, दुसऱ्या फोनवर ग्राहक आहे.

तरी प्रयोग म्हणून केलं. बटण दाबलं, लॉक केली, वर आलो. खिडकीतून पाहिलं. गाडी अगदी निपचित. दिवा नाही, काही नाही. बंद पडली की काय. किंवा कोणी काही केलं.  पळत खाली गेलो. पोहोचताच आरसे उघडले. जीव भांड्यात पडला.

अपडेट रद्द झालं, नंतर प्रयत्न करा.

म्हणजे इंजिनिअरबाईंचा उपायही फोल. हे मी अनुभवातून सिद्ध केलंय.

२४ जानेवारी

शनिवार. अपडेट आजचं उद्यावर. अक्काला फोन करायचं टाळलं, उगाच तिला ताण नको. तिनेच केला. खोकत होती. घरमालकाने रंगाऱ्यांना पाठवलंय, महिना संपायची वाट न बघता. स्वयंपाकघर रंगवून झालं, आता ती बाहेरच्या खोलीत झोपते आणि वास सगळीकडे आहे. मी म्हटलं, हा अन्याय आहे, त्याला मी बोलतो. ती म्हणाली, बोलू नकोस रे, ये. मग म्हणाली, नाहीतर येऊ नकोस, पण तसं सांग.

मी म्हटलं, येतोय म्हणजे काय, येणारच.

बायको शेजारीच उभी होती. फोन तिने माझ्या हातातून घेतला, वन्सं, वाफ घ्या आणि खिडकी उघडी ठेवा म्हणाली, आणि मग फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. दार लावून. काय बोलल्या माहीत नाही.

२६ जानेवारी

कार्यक्रम ठरवला. सोमवार ते बुधवार पूर्ण निगराणी. गुरुवारी अपडेट. शुक्रवारी गाडी धुणे. शनिवारी, एकतीस तारखेला, अक्का. शेवटचा दिवस असला तरी दिवस आहे.

आज सकाळभर गाडीपासून चांगलं अंतर ठेवून उभा राहिलो, खांबाआड. तिला वाटावं की मी नाही. पट्टी सरकली असावी. खात्री करायला पुढे झालो. रद्द.

२७ जानेवारी

खांबाआड. रद्द.

दुपारी कॅप्टनने चहा पाठवला. घेतला नाही. मग घेतला.

२८ जानेवारी

धक्कादायक बातमी. अक्काने स्वतः फोनवर सांगितली, बायकोने दुजोरा दिला, म्हणजे तिला आधीच माहीत होती. शनिवारी धाकटा जातोय अक्काला आणायला. अक्का त्याच्याकडे राहणार. त्याची मागची खोली रिकामी करून झाली आहे. पलंग लागला आहे. पडदेसुद्धा. पडदे माझ्या बायकोने शिवले आहेत. कॅप्टनच्या घरी, कॅप्टनच्या उजेडात.

मी विचारलं, हे सगळं माझ्या पाठीमागे. बायको म्हणाली, तुमच्या पाठीमागे कसं, तुम्ही रोज खाली गाडीत बसलेले, आम्ही समोरून कापड घेऊन ये-जा करत होतो. तुम्ही हात पण केला होता एकदा.

धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, दादा, रागावू नकोस, तिचा खोकला वाढलाय, आणि तुझी गाडी झाली तयार की तू आण ना तिला फिरायला, केव्हाही. इतकं गोड बोलून माणूस पाठीत सुरी खुपसतो. मी म्हटलं, अक्का माझ्याकडे येणार असं ठरलंय. तो म्हणाला, हो रे, ठरलं होतं.

भाऊ, बहीण, बायको, शेजारी, शोरूम. माझ्या बाजूने फक्त गाडी उरली आहे.

३० जानेवारी

निर्णय. उद्या धाकट्याच्या आधी मी पोहोचणार. तो उशिरा उठणारा माणूस आहे. पहाटे शेवटचा प्रयत्न, अपडेट झालं की थेट निघायचं. उशी गाडीत ठेवली आहे. बायकोला सांगितलं नाही. कोणाला काही सांगायची सोय राहिलेली नाही.

३१ जानेवारी, बसमधून

अपडेट झालं नाही. उजाडल्यापासून गाडीजवळ होतो. तीनदा बटण दाबलं, तीनदा रद्द. मग ऊन पार्किंगच्या फरशीवर आलं आणि एकदम लक्षात आलं, की धाकटा आत्ता निघाला असेल. एकदा आत बसलो, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. समोर फाटक उघडं होतं. पाय उचलेना. पाय आखडला असावा, थंडी आहे.

उतरलो. बटण पुन्हा दाबलं, सवयीने. लॉक केली आणि चौकापर्यंत धावत गेलो. बस उभीच होती. खिशात चावी तशीच राहिली. कंडक्टरने विचारलं, काका, कुठे. गावाचं नाव सांगितलं तर म्हणाला, बसा की, जागाच जागा आहे.

हायवेवर एकदाही भीती वाटली नाही. ड्रायव्हर एका हाताने चालवत होता.

३१ जानेवारी, दुपार

घराची दारं सताड उघडी. रंगारी बाहेरच्या खोलीत. भिंतीवर एक चौकोन अजून जुन्या रंगाचा होता, तिथे अक्काची खुर्ची असायची. माझ्यादेखत रंगाऱ्याने त्यावरून ब्रश फिरवला.

घरमालक बाहेर आला. म्हणाला, अहो, गेल्या त्या, तासभर झाला असेल. भावाची गाडी आली होती, खुर्ची टपावर बांधून नेली. सकाळपासून पायरीवर बसून होत्या. भाऊ म्हणत होता निघू या, तर म्हणाल्या, थांब जरा, थोरला येतो म्हणालाय. बरंच थांबले. मग भाऊच म्हणाला, वहिनींचा फोन आला, गाडी खालीच आहे आणि दादा कुठे गेलाय कळत नाही, तेव्हा निघाले.

तुम्ही कोण, त्याने विचारलं.

मी म्हटलं, रंग बघायला आलो होतो.

परतीची बस भरलेली होती. उभा राहून आलो.

१ फेब्रुवारी

अपडेट पूर्ण झालं. अ‍ॅपने काल सकाळीच कळवलं होतं, बायकोने आज सकाळी खाली जाऊन दुजोरा दिला. मी बसमध्ये असताना झालं. पंचवीस मिनिटं लागली म्हणे. कोणी समोर नाही, कोणाची देखरेख नाही. महिनाभर मी जिच्याजवळून हललो नाही, तिने मी पाठ फिरवताच सगळं उरकून घेतलं. घरातल्या माणसांचं मी समजू शकतो. गाडीकडून ही अपेक्षा नव्हती.

खाली गेलो. आरसे उघडले. मी वळून वर आलो.

बायकोने काल मी कुठे होतो ते विचारलं नाही. तिला कळलं होतं, घरमालकाने अक्काला फोन करून सांगितलं होतं, की एक गृहस्थ धापा टाकत आला आणि रंग छान आहे म्हणाला. जेवताना तिने मला न मागता दुसऱ्यांदा वाढलं.

संध्याकाळी अक्काचा फोन. खोकला कमी आहे. पडदे छान आहेत. मी म्हटलं, हो, मी पाहिले होते, म्हणजे कापड.  मग म्हणाली, काल आलास कशाने. मी म्हटलं, बसने.  मग म्हणाली, मलाही बस चालली असती रे, गुंड्या. तू आला असतास म्हणजे झालं.

मी म्हटलं, हॅलो, आवाज नीट येत नाहीये. आवाज नीट येत होता.

मग तिने विषय बदलला. मंगळवारी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय, सोबत हवी आहे, धाकट्याला सुट्टी नाही. मी लगेच म्हटलं, मी आहे ना. नेतो की. फक्त गाडीत नवीन आवृत्ती कालच बसली आहे, ती जरा मुरू दिली पाहिजे, कंपनीचं तसं म्हणणं नसलं तरी माझा अनुभव आहे. आठवडाभर, फार तर दोन.

अक्का म्हणाली, बरं. मग तिने धाकट्याला विचारून बसचं वेळापत्रक घेतलं. धाकट्याच्या घराजवळून निघणारी बस आमच्या चौकातूनच पुढे डॉक्टरकडे जाते. म्हणाली, तू खाली येऊन उभा राहा, मी तुला घेऊन पुढे जाते.

बस मंगळवारी सव्वानऊपर्यंत चौकात येणं अपेक्षित आहे. अक्का खिडकीशी असेल, शेजारची जागा तिने माझ्यासाठी धरलेली असेल. मी लवकर यावं, असं तिने दोनदा सांगितलं आहे.